अभ्यासक्रम बांधायचा म्हणजे नक्की काय काय ठरवायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं ते आज मांडतेय. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात आमची छोटी मराठी माध्यमाची शाळा आहे, तिसरी ते पाचवीसाठी परिसर अभ्यास आणि गणित हे दोन विषय आम्ही नव्याने बांधायला घेतलेत. सरकारी अध्ययन निष्पत्ती (म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याची यादी) सोडायच्या नाहीत, त्या गाठायच्याच, फक्त तिथवर जायचा रस्ता आमच्या गावातून गेला पाहिजे एवढंच. तर पहिल्या बैठकीत काय झालं, सगळ्यांनी पाठ्यपुस्तकं काढली, अनुक्रमणिका उघडली आणि हा धडा ठेवू, हा काढू, हा दिवाळीनंतर घेऊ असं सुरू झालं. तासाभरात कागद भरला, चहा झाला, काम झालं असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र तेव्हापासून चैन नाही, कारण हाती आली ती नुसती धड्यांची यादी.

माझ्या मते आधी ठरवायचं ते हे : आपल्याकडे येणारं मूल कोण आहे आणि घरून काय घेऊन येतं, वर्ष संपताना त्याला काय करता यायला हवं, ते आलं हे आपल्याला कशावरून कळणार, मग त्यासाठी आशय कुठला घ्यायचा, वर्गात प्रत्यक्ष काय घडणार, कशाच्या नंतर काय, आणि या सगळ्याला वेळ किती आहे. आशय चौथा आलाय बघा, आणि आपण सगळे सुरुवात तिथूनच करतो. मूल्यमापन तर एप्रिलमध्ये आठवतं. मला वाटतं ते धडे निवडायच्या आधीच लिहून काढायला हवं.

उदाहरण देते. 'पाऊस' हा विषय. आमच्या जुन्या नियोजनात उद्दिष्ट होतं 'विद्यार्थ्यांना पावसाचे महत्त्व समजेल.' आता हे समजलं की नाही हे कोण कसं तपासणार? समजलं का विचारलं की अख्खा वर्ग हो म्हणतो. तेच आम्ही असं लिहिलं की मूल आठवडाभराच्या पावसाच्या नोंदी घेईल, त्यांचा स्तंभालेख काढेल, आणि दोन गावांचे आलेख शेजारी ठेवले तर फरक कशामुळे असेल याचा अंदाज कारणासकट सांगेल. एवढं लिहिल्याबरोबर बाकीचं आपोआप सुचायला लागलं, मोजायला साधन हवं, मिलिमीटर म्हणजे काय हे हवं, म्हणजे गणितातलं मापन त्याच्या आधी यायला हवं, आणि पाऊस पडत असताना हा भाग चालू असायला हवा, नोव्हेंबरात नाही!

तुमच्यापैकी कोणी असं काम केलंय का? काय सुटतंय ते सांगा.

अनुस्वार

चांगला धागा. मी बी.एड.ला शिकवते म्हणून थोडा शास्त्राचा भाग. तुम्ही जे मांडलंय त्याच्या मुळाशी राल्फ टायलर आहेत, अमेरिकेतले, १९४९ साली त्यांनी चार प्रश्न मांडले : शाळेने कोणती उद्दिष्टं गाठायची, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते अनुभव कोणत्या क्रमाने लावायचे, आणि उद्दिष्टं गाठली की नाही ते कसं ठरवायचं. उद्दिष्ट, आशय, अध्ययन अनुभव, मूल्यमापन हे जे चार घटक आपल्याकडच्या सगळ्या नोट्समध्ये असतात ते तिथून आलेत. नंतर १९६२ मध्ये हिल्डा ताबा यांनी आग्रह धरला की सुरुवात मुलांच्या गरजा ओळखण्यापासून करा, आणि अभ्यासक्रम वरून खाली येण्यापेक्षा शिक्षकांनी छोटे छोटे घटक बांधून तो खालून उभा राहू दे. तुम्ही करताय ते ताबांच्या जास्त जवळ आहे. मूल्यमापन आधी लिहायचा जो मुद्दा आहे तो विगिन्स आणि मॅकटाय यांनी १९९८ मध्ये व्यवस्थित मांडला, शेवट आधी ठरवा आणि तिथून मागे या.

एक सांगते, हे चारही घटक विद्यार्थी तोंडपाठ म्हणतात, आकृती काढतात, बाणसुद्धा बरोबर दाखवतात, आणि पाठ नियोजनात मात्र उद्दिष्ट एक, कृती दुसरीच, प्रश्न तिसराच. बाण कागदावर आहेत, डोक्यात नाहीत. म्हणून तुमचं पावसाचं उदाहरण मी वर्गात वापरणार आहे, चालेल ना?

रानजाई

अनुस्वार, चालेल काय, वापराच!

खडूफळा

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, द्विशिक्षकी, म्हणजे दोन वर्ग मला एकाच वेळी सांभाळायचे असतात. तुमचं सगळं पटलं पण वेळ हा घटक तुम्ही शेवटी टाकलाय तो मी पहिला टाकीन. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास आहेत. ८०० भागिले २०० म्हणजे दिवसाला चार तास, त्यात भाषा, गणित, इंग्रजी, परिसर, कला, कार्यानुभव, खेळ सगळं. परिसर अभ्यासाला आठवड्याला पाच तासिका धरल्या तर कागदावर वर्षाच्या दीडशेच्या वर होतात, पण चाचण्या, सर्वेक्षणं, ट्रेनिंग, निवडणुकीचं काम, स्नेहसंमेलनाची तयारी, आणि आमच्याकडे ओढ्याला पाणी आलं की वाडीवरची निम्मी मुलं येत नाहीत. हातात राहतात त्या सव्वाशेच्या आसपास. आणि नियोजन मात्र दीडशे धरून केलेलं असतं, मग फेब्रुवारीत धडे 'उरकायचे', आणि उरकताना सगळ्यात आधी कृती उडते, वाचन राहतं.

म्हणून माझं म्हणणं, शंभर तासिकांचाच अभ्यासक्रम बांधा, वरच्या तासिका मागे राहिलेल्या मुलांसाठी ठेवा. नाहीतर कितीही सुंदर बांधलात तरी जानेवारीपर्यंतच टिकतो.

निळासावळा

पालक म्हणून विचारतो, मुलगी चौथीत आहे. पर्जन्यमापक, आलेख हे सगळं छान, पण उद्या शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, नवोदय आहे, तिथे हे विचारणार नाहीत. आणि पाढे? माझी आई अजून पावकी निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, धडाधड म्हणते, हिशेबात तिला मोबाईल लागत नाही. आम्ही शाळा बदलताना हेच बघितलं होतं की पाठांतर होतं का. तुमच्या यादीत पाठांतर कुठे बसतं?

रानजाई

निळासावळा, प्रश्न अगदी योग्य आहे आणि आमच्या पालकसभेतही हाच आला होता. पाढे हवेतच, आमच्याकडे रोज सकाळी म्हणतात. मी म्हणतेय ते एवढंच की पाढा कशासाठी हे ठरलेलं असावं. आमच्या उद्दिष्टात लिहिलंय की चौथीच्या शेवटी दहापर्यंतचे पाढे न अडखळता येतील आणि भागाकारात वापरता येतील, म्हणजे तपासायच्या गोष्टी दोन झाल्या, म्हणता येणं आणि वापरता येणं. पहिली झाली आणि दुसरी नाही तर काम अर्धंच झालं.

आणि तुमच्या आईंच्या पावकी निमकीबद्दल तर मला भरभरून लिहावंसं वाटतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपल्या मुलांच्या कानावर शाळेत यायच्या आधीपासून असतं, पावशेर, अर्धा लिटर दूध, सव्वा रुपया, दीड तास. आणि आपण तिसरी-चौथीत अपूर्णांक सुरू करतो तेव्हा फळ्यावर गोल काढून त्याचे चार भाग करतो, जसं काही मुलाला हे पहिल्यांदाच कळतंय. आम्ही आता दुसरीपासून मापातला पाव-अर्धा-पाऊण घेतोय, पाण्याने आणि तांदळाने. तिसरीत तेच कागदाच्या घड्या घालून, चौथीत लेखन एक छेद चार, तीन छेद चार आणि अर्धा मोठा की पाऊण मोठा हे कारण देऊन, पाचवीत त्याच पावाला दशांशात शून्य पूर्णांक पंचवीस म्हणून भेटायचं, पुढे सहावी-सातवीत शेकडा पंचवीस. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूनर यांनी १९६० मध्ये सर्पिल मांडणी म्हणून जे सांगितलं ते हेच की तीच कल्पना पुन्हा पुन्हा यावी पण प्रत्येक वेळी एक पायरी वर. आपल्या बऱ्याच नियोजनात ती पुन्हा येते खरी पण त्याच पायरीवर, पाचवीतही परत गोल आणि चार भाग. मूल कंटाळतं, बाई म्हणतात मागच्या वर्षीचं विसरलं.

यासाठी आम्ही एक गोष्ट केली, तिसरी-चौथी-पाचवीच्या बाई एकत्र बसल्या आणि अपूर्णांकाचं एकच पान तयार केलं, तीन वर्षांचं मिळून. त्यात कोणत्या वर्षी कोणते शब्द, कोणतं साहित्य, कुठपर्यंत जायचं आणि कुठे थांबायचं हे लिहिलं. कुठे थांबायचं हे लिहिणं सगळ्यात अवघड गेलं, कारण प्रत्येकीला थोडं पुढचं शिकवून टाकावंसं वाटतं.

कृष्णाकाठ

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. या राज्यात अभ्यासक्रम बदलताना अनेकदा पाहिलाय. १९९५ च्या सुमारास क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, २००५ चा राष्ट्रीय आराखडा आला, त्यातून ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं हा विचार, मग २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, पुढे अध्ययन निष्पत्ती, आता २०२० च्या धोरणातली शालेय वर्षांची पाच-तीन-तीन-चार अशी विभागणी. प्रत्येक वेळी उद्दिष्टांची भाषा बदलली, पुस्तकं बदलली, आणि दोन गोष्टी जवळपास तशाच राहिल्या, परीक्षेत विचारले जाणारे प्रश्न आणि शिक्षकाची तयारी. माझ्या मते त्यामुळेच बदल वर्गापर्यंत नीट पोचत नाही.

सर्वंकष मूल्यमापनाचंच घ्या. कल्पना फार चांगली होती. मूल शिकत असताना बघा, वर्णनात्मक नोंद करा, त्यावरून शिकवणं बदला. प्रत्यक्षात बाजारात नोंदींची तयार पुस्तकं आली, आणि 'स्वतःहून प्रश्न विचारतो', 'गटात सहकार्य करतो' अशी वाक्यं चाळीस मुलांच्या नावापुढे आलटून पालटून उतरवली गेली. मी शिक्षकांना दोष देत नाही, चाळीस मुलांची आठ विषयांची नोंद करायला तास कुठला दिला होता? नोंद करायची म्हटलं तर तिला वेळापत्रकात जागा लागते, ती दिलीच नव्हती.

उलट उदाहरणही आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला, सहावी ते आठवीसाठी. मुलं प्रयोग करून शिकायची, आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवायची परवानगी, शिवाय प्रयोगाची परीक्षा वेगळी. म्हणजे जसं शिकवलं तशीच परीक्षा. शिक्षकांचं प्रशिक्षण, त्यांच्या मासिक बैठका, साहित्याची पेटी, हे सगळं एकत्र बांधलेलं होतं. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला हे दुर्दैव, पण त्या आधी तीस वर्षं सरकारी शाळांमध्ये तो चालला, ही छोटी गोष्ट नाही.

अनुस्वार

सर, होशंगाबादचं उदाहरण दिलंत ते फार बरं झालं.

पाटीदप्तर

मूल कोण आहे आणि काय घेऊन येतं हा घटक रानजाईंनी पहिला लिहिला त्याबद्दल धन्यवाद, कारण तोच एका ओळीत उरकला जातो. आपल्याकडे याचं केवढं मोठं काम आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला जे केलं त्यात सुरुवातच इथून होती. मूल शाळेत येत नाही कारण ते गुरं राखायला जातं, तर मग कुरणशाळा, जिथे गुरं चरतात तिथेच शिकायचं. मूल लहान आहे, त्याचं अंगण हीच त्याची जागा, तर अंगणवाडी. वेळ, जागा, साहित्य, सगळं मुलाच्या दिवसाकडे बघून ठरलं. आपण आज ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलांसाठी काय करतो? दिवाळीच्या आसपास ती जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात, आणि आपलं दुसरं सत्र नेमकं त्याच काळात असतं. अशा मुलांच्या बाबतीत क्रम हा घटक वेगळ्याने मांडायला नको का?

अजून एक राहतंय. १९६८ मध्ये अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ फिलिप जॅक्सन यांनी छुपा अभ्यासक्रम असा शब्द वापरला, म्हणजे जे कुठेच लिहिलेलं नाही पण मुलं रोज शिकतात ते. वर्ग कोण झाडतं? पाहुणे आले की चहाचा ट्रे कोणाच्या हातात देतात? मागच्या बाकावर कोण बसतं आणि वर्षभर तिथेच का बसतं? समानतेचा धडा नागरिकशास्त्रात घ्यायचा आणि झाडू फक्त मुलींच्या हातात, यातलं मूल काय लक्षात ठेवेल हे उघड आहे. अभ्यासक्रमाच्या कागदात यासाठी एक पान असावंच.

रानजाई

पाटीदप्तर, झाडण्याच्या पाळ्या आम्ही मुलं-मुली मिळून लावतो, पण बाकांचा विचार खरंच केला नव्हता, उद्याच्या बैठकीत घेते. ऊसतोडीचं म्हणाल तर आमच्याकडेही काही घरं जातात. विचार असा चाललाय की गणितात पुढचं ज्यावर उभं आहे ते, म्हणजे स्थानिक किंमत, बेरीज-वजाबाकीतला हातचा, पाव-अर्धा, हे जून ते ऑक्टोबरमध्येच पूर्ण करायचं, आणि दुसऱ्या सत्रात असे भाग ठेवायचे की परत आलेल्या मुलाला मधूनच जोडता येईल. पूर्ण उत्तर नाही हे, पण धड्यांच्या यादीने एवढंही जमलं नसतं.

सातासमुद्रापार

मी परदेशात रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या गटात आहे. दोन तासांचा वर्ग, वर्षाला तीसेक रविवार, म्हणजे साठ तास. आम्ही दरवर्षी बालभारतीची पुस्तकं मागवतो आणि दरवर्षी निम्म्यात सोडतो. मुलं घरी मराठी ऐकतात पण उत्तर इंग्रजीत देतात. तुमच्या यादीप्रमाणे आम्ही काय करावं?

रानजाई

सातासमुद्रापार, तुमचं मूल आणि माझं मूल वेगळं आहे म्हणजे पहिल्याच घटकाशी रस्ते वेगळे झाले. बालभारतीचं पुस्तक असं धरून चालतं की मूल दिवसभर मराठीत जगतंय. तुमच्या मुलाला ऐकून कळतं पण बोलायची सवय नाही, मग उद्दिष्ट वाचन-लेखनाआधी बोलण्याचं घ्या, आणि तेही तपासता येईल असं, जसं की मूल आजीशी फोनवर पाच मिनिटं मराठीत बोलेल, तिला आठवड्यात काय झालं ते सांगेल आणि तिला निदान दोन प्रश्न विचारेल. मूल्यमापनही तेच, तो फोन, जूनमध्ये एक आणि वर्षाच्या शेवटी एक. मग साठ तासांत काय लागेल ते बघा, भूतकाळाची क्रियापदं लागतील (गेलो, खाल्लं, पडलं), नात्यांची नावं, प्रश्न विचारायची वाक्यं. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' इथे तुमची मुलं अडतात का? मग ते महिनाभर खेळातून घ्या. देवनागरी ज्यांना हवी त्यांना दुसऱ्या वर्षी.

सातासमुद्रापार

तिथेच अडतात!! आणि आम्ही पहिल्या रविवारी अ आ इ ई ने सुरुवात करतो. हे आमच्या गटात मांडतो, मनापासून आभार.

निळासावळा

मला एक वाटतं, पालकांना विश्वासात घेणं हाही घटक धरा. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' असंही वाचायला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत गेलं. मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या प्रमुख होत्या, त्यांनी कारण समजावून सांगितलं की आपल्या संख्यानामांत एकक आधी बोललं जातं आणि लिहिताना दशक आधी, त्यात लहान मुलं गोंधळतात. कारण ऐकल्यावर मला ते पटलं. पण ते मला बातम्या आल्यावर कळलं, मुलांच्या शाळेतून कोणी एक ओळ सांगितली नव्हती. ते आधी कळलं असतं तर मी वेगळ्या मनाने ते पुस्तक उघडलं असतं.

रानजाई

अगदी खरं. आम्ही जूनच्या पहिल्या पालकसभेत त्या अपूर्णांकाच्या पानाची प्रत देणार आहोत, घरी कोणते शब्द वापरा हेही त्यात आहे.

कृष्णाकाठ

रानजाई, एक सूचना. फेरआढावा कसा घेणार ते आत्ताच लिहा. माझ्या अनुभवात एप्रिलमध्ये कोणाला काही आठवत नाही. छापील नियोजनाच्या उजवीकडे रिकामा रकाना ठेवा, आणि घटक संपला की त्याच दिवशी शिक्षकाने दोन ओळी लिहायच्या, किती तासिका खरंच लागल्या आणि किती मुलांना आलं नाही. पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम त्या रकान्यातून लिहायचा. आणि मुख्याध्यापकांना सांगा, तो रकाना तपासणीसाठी वापरायचा नाही, नाहीतर तिथे 'सर्व मुलांना आले' एवढंच वाचायला मिळेल.

रानजाई

सर, रकाना आजच घालते, आणि तपासणीचं तुमचं वाक्य तसंच्या तसं लिहून ठेवते.

खडूफळा

ताई, पावसाच्या घटकाला तासिका किती दिल्यात आणि तो पर्जन्यमापक कसा केलात तेवढं सांगा, मी दोन्ही वर्गांना मिळून घेईन म्हणतो.

रानजाई

खडूफळा, सलग तासिका कमीच आहेत, सुरुवातीला चार आणि शेवटी पाच-सहा. मधे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत रोज दहा मिनिटं, ती परिपाठातून काढली आहेत. शनिवारी अर्धा तास आलेखाला.

सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळाशी खडे घाला आणि ते बुडतील एवढं पाणी ओतून तिथे पट्टीचा शून्य धरून पट्टी बाहेरून चिकटवा, कारण बाटलीचा बूड सपाट नसतो. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचं अंग सारख्याच रुंदीचं हवं, मग पट्टीवरचा मिलिमीटर तोच पावसाचा मिलिमीटर. झाडाखाली किंवा पत्र्याच्या पागोळीखाली ठेवू नका. हवामान खातं सकाळी साडेआठची नोंद धरतं, आमची मुलं शाळेत आल्याआल्या मोजतात, वेळ रोज तीच एवढं पाळायचं.

चौथीनंतरच्या मुलांना पुढे न्यायचं तर एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, यावरून शाळेच्या छताचा हिशेब करता येतो. आमचं छत ८० चौरस मीटर, १० मिलिमीटर पडला की ८०० लिटर. आणि शेवटच्या तासिकांना महाबळेश्वर आणि माण असे एकाच जिल्ह्यातले दोन तालुके शेजारी ठेवायचे, तिकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास आणि इकडे पाचशेच्या आतबाहेर, आणि का ते मुलांनी नकाशा बघून सांगायचं. मूल्यमापनाला त्यांनी न पाहिलेल्या गावाचा तक्ता देतो.

आणि हो, रविवारी मोजायला कोणी नसतं. तर सोमवारची नोंद दोन दिवसांची म्हणून तशीच लिहायची, दोनाने भागून टाकायची नाही, हे पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्या.